येशूची शिकवण सोमवारी ऑफिसमध्ये कशी जगायची?

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. एक, दर रविवारी उपासना, रोज सकाळी बायबल वाचन सगळं चालू आहे तरी सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं की तोच चिडका, वेळ मारून नेणारा माणूस का बाहेर येतो. दुसरा, ज्या सहकाऱ्याने तुमच्या कामाचं क्रेडिट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर स्वतः घेतलं त्याला क्षमा करायची म्हणजे नेमकं करायचं काय, कारण प्रार्थनेत क्षमा करून झाली पण तो समोर आला की आतून पेटतं. आणि तिसरा, आपण येशूला मानतो हे ऑफिसात सांगायचं की नाही. मी बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिष्यत्वाचे, म्हणजे येशूच्या मागे कसं चालायचं याचे, वर्ग घेतोय, नवीन विश्वासी असोत की जुनेजाणते, हे प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतच राहतात, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी डोंगरावरच्या प्रवचनाचा, म्हणजे येशूने डोंगरावर केलेल्या मोठ्या उपदेशाचा, शेवट उघडा, मत्तय ७, वचन २४ पासून (मत्तय, मार्क, लूक, योहान ही बायबलमधली येशूच्या जीवनाची आणि शिकवणीची पुस्तकं). दोन माणसं घर बांधतात, एक खडकावर, एक वाळूवर. ही गोष्ट इतक्या वेळा कानावरून गेलेली असते की त्यातली मुख्य गंमतच आपण बघत नाही, ती म्हणजे दोघांनीही येशूचं ऐकलंय. वाळूवाला काही बाहेरचा माणूस नाही हो, तोही त्याच गर्दीत बसून तेच शब्द ऐकत होता. पाऊस दोघांच्या घरावर पडला, पूर दोघांकडे आला, वारा दोघांना लागला. एकाने ऐकलं आणि केलं, दुसऱ्याने ऐकलं आणि घरी गेला, एवढाच काय तो फरक. म्हणजे तुमच्या सोमवारच्या दुखण्यावर अजून चार संदेश ऐकणं, अजून एखादं ऑनलाइन बायबल स्टडी जॉइन करणं हे औषध होऊच शकत नाही, कारण ऐकण्यात तुम्ही मुळात कमी पडतच नाही आहात. लूकच्या ६व्या अध्यायात तर येशू सरळ विचारतो की मला प्रभू प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते का करत नाही.

मग करायचं कसं. माझं स्पष्ट मत असं झालंय की आपण येशूची शिकवण फार मोठी करून ठेवतो आणि त्यामुळे ती हाताला लागत नाही. 'मला प्रेमळ व्हायचंय', 'मला नम्र व्हायचंय' असं आपण ठरवतो, आता सांगा, सोमवारी सकाळी दहा वाजता प्रेमळ होणं हे काम कुठून सुरू करायचं? येशू असं बोलतच नाही. तो म्हणतो जा, समेट कर. दार लावून घे आणि प्रार्थना कर. एकट्याला गाठून सांग. देताना डाव्या हाताला कळू देऊ नको. सगळी हातापायाने आणि जिभेने करायची कामं आहेत, आज केली की नाही हे संध्याकाळी सांगता येईल अशी. म्हणून वर्गात मी एकच सवय लावतो, सकाळी वाचून झालं की वहीत एक वाक्य लिहायचं, त्यात एका माणसाचं नाव हवं आणि एक वेळ हवी. 'काल ज्याच्यावर मी ओरडलो त्याला आज जेवणाच्या सुट्टीत भेटून माफी मागणार', असं वाक्य. नाव नसेल तर तो नुसता सुविचार झाला, तो वहीतच राहतो. सुरुवातीला लोकांना हे फारच किरकोळ वाटतं, एवढं बायबल वाचायचं आणि त्यातून एवढंसंच काढायचं? पण त्यांनी आदल्या दिवशीचं वाक्य दुसऱ्या दिवशी वाचायला लागल्यावर कळतं की केवढं अवघड आहे ते, कारण ज्या नावापासून आपण पळत असतो नेमकं तेच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं.

इथे एक धोका सांगून ठेवतो नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. हे सगळं करून देवाला खूश करायचं आणि मग तो आपल्याला मुलगा किंवा मुलगी म्हणून घेईल, असा हिशोब इथे नाहीये. मत्तय ५ची सुरुवात बघा, पहिला हुकूम यायच्या आधी आशीर्वाद आहेत, आणि पहिला आशीर्वाद कोणाला तर जे आत्म्याने दीन आहेत त्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे देवाला दाखवायला काहीच नाही अशांना. आधी मिळालंय, मग जगायचंय. योहान १५ मध्ये तो सरळ सांगतो की माझ्यावाचून तुम्हाला काहीही करता येत नाही. ज्यांनी हा क्रम उलटा केला ते एकतर काही महिन्यांत थकून सगळं सोडून देतात नाहीतर इतरांना मोजत बसणारे कठोर धार्मिक होतात, दोन्ही प्रकार मी जवळून बघितलेत आणि दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण त्या माणसाला वाटत असतं की आपलं छान चाललंय.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे येतो. पण त्याच्या आधी मत्तय ५:२३-२४ बघू, कारण हे वचन सगळ्यांना पाठ असतं पण नीट बघितलेलं नसतं. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जाऊन आधी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे येशू गालीलात बोलतोय आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात, पायी साधारण तीन दिवसांची वाट. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय आलं असेल विचार करा, अर्पण घेऊन तीन दिवस चालत आलो, आता ते तसंच टाकून परत तीन दिवस गावाकडे जा, त्या माणसाशी बोल, आणि मग पुन्हा ये! कोणत्याही व्यवहारी माणसाला हे परवडणारं नाही. पण येशूला नातं दुरुस्त होणं उपासनेच्याही आधी हवंय. आणि लक्ष द्या, इथे भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं म्हटलंय. म्हणजे तुम्ही तुमच्या सहकाऱ्याने काय केलं ते लिहिलंत, चांगलं केलंत, पण याच आठवड्यात तुमच्याविरुद्ध कोणाच्या मनात काय आहे याचाही जरा शोध घ्या. घरचे लोक यात पहिले निघतात. मुलांवर विनाकारण आवाज चढवला असेल तर मुलांची माफी मागायची, त्यांच्या वयाला समजेल अशा शब्दांत आणि मागे 'पण तू पण असं केलंस' हे शेपूट न लावता. आईबाप असं करायला लाजतात, आपला मान जाईल म्हणतात. मला तर उलटंच दिसलंय, ज्या घरात मोठे माफी मागतात तिथली मुलं पश्चात्ताप हा शब्द वर्गात शिकवायच्या आधीच ओळखतात.

बरं, क्षमा. मत्तय १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, कितीदा क्षमा करू, सात वेळा? आणि येशू त्या निर्दय चाकराचा दाखला सांगतो. त्यातले आकडे जरा करून बघण्यासारखे आहेत. त्या चाकराचं राजाकडे कर्ज होतं १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरूनही कळतं. म्हणजे एकूण कर्ज ६ कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं राबावं लागेल. ते राजाने सोडून दिलं. आणि त्याच चाकराला दुसऱ्या चाकराकडून येणं होतं १०० दिनार, ते मात्र त्याने सोडलं नाही. बहुतेक संदेशांत इथे सांगतात की बघा, १०० दिनार म्हणजे अगदी चिल्लर, आणि मला हे पटत नाही. १०० दिनार म्हणजे शंभर दिवसांची कमाई, तीन महिन्यांहून जास्त! ती काही थट्टा नाही. येशूने मुद्दाम असा आकडा घेतला जो माणसाला खरोखर झोंबतो. तुमच्या सहकाऱ्याने केलं ते लहान होतं असं तुम्हाला कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. तुमची मेहनत गेली, कदाचित प्रमोशनवर परिणाम झाला, रात्रीची झोप गेली, हे खरं कर्ज आहे. क्षमा म्हणजे ते कर्ज नव्हतंच असं म्हणणं नव्हे. कर्ज आहे, पूर्ण मोजलं, आणि आता मी ते माझ्या हाताने वसूल करणार नाही, कारण माझं त्याहून कितीतरी पटीने मोठं सुटलंय, असं ते आहे.

हाताने वसूल करणं म्हणजे काय हे ऑफिसात ओळखायला शिका. त्याच्या ईमेलला मुद्दाम उशिरा उत्तर देणं, त्याचं नाव निघालं की चेहरा वाकडा करणं, त्याची चूक झाली की सगळ्यांना सीसीमध्ये घेऊन दाखवणं, चहाच्या वेळी त्याची गोष्ट परत एकदा नव्या माणसाला सांगणं. ही सगळी वसुलीच आहे, हप्त्याहप्त्याने. क्षमा केली की हे हप्ते बंद करायचे. मनातली भावना जायला वेळ लागेल, तिच्या मागे लागू नका, आधी हप्ते बंद करा. नेदरलँड्सच्या कॉरी टेन बूम यांचं उदाहरण मी नेहमी देतो. त्यांच्या कुटुंबाने दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांना घरात लपवलं म्हणून १९४४ साली त्यांना अटक झाली, वडील कैदेत असतानाच वारले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ साली म्युनिकमध्ये एका चर्चमध्ये त्या क्षमेवर बोलल्या आणि सभा संपल्यावर त्या छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. त्यांनी नंतर सांगितलंय की हात उचलेनाच, मनात काडीचीही माया नव्हती, तेव्हा त्यांनी येशूला मनातल्या मनात सांगितलं की हात मी पुढे करते, भावना तू दे. हात आधी गेला, भावना मागून आली. तुमची गोष्ट यापुढे कितीतरी लहान आहे पण क्रम तोच आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धंच झालं. मत्तय १८:१५ म्हणतं की तुझ्या भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकटे असताना त्याची चूक त्याला दाखव. हे आपण बरोबर उलटं करतो. आधी घरी सांगतो, मग दोन मित्रांना, मग मंडळीच्या ग्रुपवर 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सगळी कहाणी नावासकट टाकतो, आणि ज्याने केलं त्याला मात्र कधीच काही बोलत नाही. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चुगली ही मंडळीतली फार पसरलेली गोष्ट आहे आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. प्रार्थना हवी असेल तर 'कामावर एका नात्यात शहाणपण हवंय' एवढं पुरतं, देवाला तपशील माहीत आहेत. तर तुम्ही काय करा, त्याला दहा मिनिटं बाजूला बोलवा आणि साध्या शब्दांत सांगा, त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये जे काम मी केलं होतं ते तुझ्या नावाने गेलं, मला त्याचं वाईट वाटलं, पुढच्या वेळी माझं नाव यावं असं मला वाटतं. बस. जुन्या चार गोष्टी काढू नका, 'तू नेहमीच असा' म्हणू नका. आणि जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघून घ्या, मत्तय ७ सांगतो तसं, नीट वाचलं तर दिसेल की कुसळ काढूच नको असं येशू म्हणत नाही, आधी मुसळ काढ म्हणजे कुसळ काढायला नीट दिसेल असं म्हणतो. तुम्हीही कधी ज्युनिअरच्या कामाचं श्रेय गुपचूप खिशात टाकलं असेल तर ते आधी परत द्या, सगळ्यांसमोर.

तो ऐकेल का? कदाचित नाही. त्याने नाकारलं तर साहेबांना सांगणं, पुढच्या कामाची लेखी नोंद ठेवणं यात काही चूक नाही, बदल्यासाठी करताय की खरं समोर यावं म्हणून करताय एवढंच तपासा. क्षमा लगेच देता येते, विश्वास मात्र पुन्हा कमवावा लागतो, या दोन गोष्टी एक समजू नका. हेच मला अजून जास्त ठासून सांगायचंय त्यांना जे घरात मार खातायत किंवा छळ सोसतायत आणि ज्यांना कोणीतरी सांगितलंय की दुसरा गाल पुढे कर म्हणजे गप्प सहन कर. असं अजिबात नाही! योहान १८ मध्ये महायाजकासमोर शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा येशूने उलट मारलं नाही पण तो गप्पही बसला नाही, त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, लूक ४ मध्ये आहे. जीवाला धोका असेल तर तिथून निघणं, पोलिसांत जाणं, मदत घेणं हे क्षमेच्या विरुद्ध नाहीये, आणि जो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, याउलट सांगतो तो चुकीचं सांगतोय.

क्षमेवर बरंच झालं, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. खोटं बोलण्याचं थोडक्यात. वेळ मारून नेण्याची सवय आहे असं तुम्हीच लिहिलंय, 'निघालोच आहे', 'फाइल पाठवली होती, पोचली नाही का', 'नेटवर्क नव्हतं', असली वाक्यं. मत्तय ५:३७ सांगतो, तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. ही सवय नुसत्या निश्चयाने जात नाही, एका उपायाने मात्र जाते, खोटं बोललो असं लक्षात आलं की त्याच दिवशी त्याच माणसाकडे जाऊन दुरुस्त करायचं, 'मघाशी मी फाइल पाठवली म्हणालो, ती पाठवली नव्हती, आता पाठवतोय'. पहिल्यांदा जीव जातो. पण चारपाच वेळा हे केलं की जीभ आपोआप आधीच थांबते कारण तिला पुढची लाज माहीत झालेली असते.

सकाळच्या वेळेबद्दल एक सांगतो. तुमचं वाचन होतं पण त्यात तुम्ही दिवसाबद्दल येशूशी बोलता का? मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेलाय आणि आदल्या संध्याकाळी सगळं कफर्णहूम गाव दारात गोळा झालेलं, म्हणजे थकवा त्यालाही असणार. आजचं कॅलेंडर समोर ठेवा आणि एकेक मीटिंग, एकेक माणूस त्याच्यासमोर ठेवा, ज्याच्याबरोबर भांडण होण्याची शक्यता आहे त्याच्यासाठी नावाने आशीर्वाद मागा. दहा मिनिटं पुरतात. आणि दिवसात मधूनमधून एखादं वाक्य बोला त्याच्याशी. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात काम करायचे, भांडीकुंडी आणि गडबडीतही ते देवाबरोबर तसेच असायचे जसे प्रार्थनेत, असं ते सांगायचे. आपलं काम म्हणजे प्रार्थनेतला अडथळा असं धरून बसू नका. तसंच मध्ये येणाऱ्या माणसांचं. मार्क ५ मध्ये येशू याईर नावाच्या माणसाच्या मरणाला टेकलेल्या मुलीकडे घाईने निघालाय आणि वाटेत रक्तस्रावाने बारा वर्षं त्रासलेल्या बाईसाठी तो थांबतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तुमच्या टेबलाशी कोणी चुकीच्या वेळी येऊन उभा राहिला की हा अध्याय आठवून बघा.

पडाल. याची खात्री देतो. बुधवारपर्यंत कोणावर तरी ओरडाल. तेव्हा दोन दिवस अपराधी चेहरा करून प्रार्थना टाळू नका, हा आपला आवडता प्रायश्चित्ताचा प्रकार आहे आणि येशूने तो कधीच मागितलेला नाही. येशूला अटक झाली तेव्हा पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असं म्हणून त्याला तीनदा नाकारलं, आणि योहान २१ मध्ये येशू त्याला न्याहारी खाऊ घालतो, तीनदा विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, आणि लगेच काम देतो, माझी मेंढरं चार. कबूल करा, ज्याच्यावर ओरडलात त्याला भेटा, वहीत पुढचं वाक्य लिहा. शक्य असेल तर मंडळीतला एक विश्वासू माणूस धरा जो आठवड्यातून एकदा तुम्हाला विचारेल की त्या वाक्यांचं काय झालं. एकट्याने हे फार दिवस चालत नाही, येशूनेही शिष्यांना दोघादोघांना पाठवलं होतं.

राहिला तिसरा प्रश्न, ऑफिसात सांगायचं का. लपवू नका, कोणी विचारलं तर सरळ सांगा. पण डेस्कवर वचन लावणं किंवा रोज ग्रुपवर बायबलचं स्टेटस टाकणं म्हणजे साक्ष झाली असंही धरू नका. मत्तय ५:१६ म्हणतं तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या आणि ६:१ म्हणतं लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका, एकाच प्रवचनात दोन्ही आहेत. मी याचा निकाल असा लावतो की काम बघून लोक कोणाचं नाव घेतात ते बघायचं. पहिल्यात लोक स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतात, दुसऱ्यात आपलं कौतुक होतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात १ पेत्र ३:१५ सांगतं की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे कोणीतरी विचारावं असं काहीतरी आधी घडलेलं असावं लागतं. समजा एखाद्या दिवशी टीममधल्या कोणी विचारलं, त्याने तुझं क्रेडिट घेतलं तरी तू त्याच्याशी नीट कसा वागतोस, तर दोन वाक्यं पुरे, की मला येशूने खूप मोठं माफ केलंय, म्हणून मी त्याच्याकडून वसूल करत नाही. त्याने पुढे विचारलं तर बोला, नाही विचारलं तर कामाला लागा. आणि त्या सहकाऱ्याशी एकांतातलं बोलणं अजून झालेलं नसेल तर ऑफिसात विश्वासाबद्दल बोलायच्या आधी ते उरका, याच आठवड्यात, त्याचं नाव आणि वेळ आजच वहीत लिहून.